वजा करायची बाई

तालुक्याच्या गावातल्या त्या तुरुंगात बायकांसाठी एक खोली होती आणि खोलीपुढे उंच भिंतींचे अंगण होते. अंगणाच्या लोखंडी दाराला बाहेरून कुलूप असे आणि दारात चेहऱ्याएवढी एक खिडकी. चांगुणा तायडे कित्येक वर्षे रोज सकाळी त्या दारातून आत जाई आणि ती आत गेली की तिचा नवरा बाहेरून कुलूप लावी. तिच्यावर कसलाही खटला नव्हता. तिला तिथे कसली नोकरीही नव्हती.

तिचे माहेर मोताळा तालुक्यातले. बाप गावचा कोतवाल होता. सरकारचे प्रत्येक काम त्याच्या पायांनी गावात पोचे, पण सरकारी माणूस म्हणून त्याला कोणी खुर्ची दिल्याचे चांगुणाला आठवत नव्हते. तिचे लग्न तुरुंगात शिपाई म्हणून नुकत्याच लागलेल्या सहदेवशी ठरले तेव्हा बापाने भावकीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, जावई वर्दीतला आहे. वर्दीचे मोल त्याला कळत होते, कारण ती नसताना तेच काम केल्याने काय होते हे त्याने जन्मभर पाहिले होते. लेकीच्या वाट्याला तेच येईल असे मात्र त्याच्या मनात आले नसावे.

तुरुंगाच्या मागच्या भिंतीला लागून कर्मचाऱ्यांची घरे होती. निम्म्याहून अधिक घरांना कुलपे, कारण तितकी माणसेच नेमलेली नव्हती. बायकांच्या विभागासाठी महिला शिपायांच्या दोन जागा मंजूर होत्या. एकीवरची बाई आपल्या जिल्ह्यात बदली घेऊन गेली. दुसरी, अन्नपूर्णाबाई, वयोमानाने निवृत्त झाली. तिला शाल आणि नारळ दिला, फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ कैदी बायका कोणाच्या स्वाधीन करायच्या हा प्रश्न उभा राहिला. पुरुष कर्मचाऱ्याने महिला कर्मचारी सोबत नसताना बायकांच्या विभागात पाऊल टाकायचे नाही असा नियम आहे, आणि तो योग्य नियम आहे. त्या वेळच्या साहेबांनी सहदेवला बोलावले आणि म्हणाले, "नवी येईपर्यंत तुझ्या घरून सोय कर."

सोय हा आपल्या भाषेतला सोज्वळ शब्द आहे. पाहुण्याच्या झोपण्याची सोय, लेकीच्या शिक्षणाची सोय. ज्याच्यासाठी ती केली त्याचे समाधान या शब्दात दिसते. जो माणूस ती सोय होतो, त्याच्यासाठी भाषेने वेगळा शब्द केलेला नाही.

चांगुणाला आत पाठवता येत होते, पण दाराची किल्ली तिच्या हाती देता येत नव्हती. तुरुंगाची किल्ली कर्मचारी नसलेल्या माणसाला देणे हा गुन्हा आहे. बायकांना बाईमाणसाशिवाय ठेवता येत नव्हते, म्हणून बाईमाणूस आत. बाईमाणसाला किल्ली देता येत नव्हती, म्हणून कुलूप बाहेरून. दोन्ही नियम पाळले गेले. वर्दी नव्हती, शिट्टी नव्हती, हजेरी नव्हती, पगारही नव्हता. होते ते एवढेच, की सहदेवची बदली कधी झाली नाही आणि भिंतीलगतचे दोन खोल्यांचे चांगले घर त्यांच्याकडे राहिले. या व्यवहारात तायडे कुटुंबाचा अगदीच तोटा झाला असे म्हणता येणार नाही. चांगुणाही तसे म्हणत नसे.

ती प्रेमळ होती असेही नव्हते. अंगण झाडल्याशिवाय कोणाला दातवण मिळत नसे. भांडणात पहिला हात उचलणारीला ती भिंतीकडे तोंड करून बसवी. नवी आलेली बाई तिला मॅडम म्हणे, तेव्हा ती दोन दिवस ते चालवून घेई. तिसऱ्या दिवशी इतर बायकांकडून कळायचेच, आणि मग मॅडमची मावशी होई. पण झडती घेताना ती मान दुसरीकडे वळवून नुसत्या हातांनी तपासत असे, आणि एका पोरीला कळा सुरू झाल्या तेव्हा रुग्णवाहिका येईपर्यंत तिने काय काय केले ते त्या पोरीच्या मुलाच्या जन्मदाखल्यावर कुठे नाही.

पाहणीला न्यायाधीश येत, वरचे अधिकारी येत. "महिला विभागात कर्मचारी?" असे विचारत. उत्तर ठरलेले होते, "बाई आहे, साहेब." ते खोटे नव्हते. कोणती बाई, कोणाची बाई, हे कोणी पुढे विचारले नाही. विचारले असते तर उत्तर द्यावे लागले असते, आणि उत्तर मिळाल्यावर विचारणाऱ्यालाच काहीतरी करावे लागले असते. त्या दिवशी चांगुणाला मात्र घरी बसवत आणि तिच्या जागी पोलीस ठाण्यातून तासाभरासाठी एक महिला शिपाई उसनी आणून उभी करत.

तिची लेक धम्मशीला त्याच जागेची तयारी करत मोठी झाली. पहाटे कोर्टाच्या मैदानावर धावणे, गोळा फेकणे, दुपारी सामान्य ज्ञानाची पुस्तके. आईची जागा रिकामी आहे आणि आईच ती चालवते आहे, तेव्हा जाहिरात येईलच, असे तिचे साधे गणित होते. जाहिरात एकदा आली, त्यात या तुरुंगाच्या महिलांच्या जागा नव्हत्या. दुसऱ्यांदा आली तोवर तिचे वय उलटले होते. पुढे ती मेहकरला दिली आणि तिने शिवणकाम सुरू केले. जागा भरण्याची घाई कोणालाच नव्हती, कारण अडत काहीच नव्हते. अडू नये म्हणून तिची आई रोज आत जात होती. हे चांगुणाच्या ध्यानात आले तेव्हा लेकीच्या लग्नाला वर्ष होऊन गेले होते.

तुरुंगाचा दिवस मोजणीभोवती फिरतो. सकाळी बराकी उघडताना आणि संध्याकाळी बंद करताना माणसे जोडीने उकिडवी बसवतात, जोड्या मोजतात आणि सगळ्या विभागांची बेरीज फळ्यावरच्या आकड्याशी मिळाली की फाटकावरून हाक येते, "टोटल मिळाली." ही हाक येईपर्यंत कोणी घरी जात नाही, आणि ती आली की त्या दिवसापुरते काळजी करण्यासारखे काही उरत नाही. बायकांची मोजणी दाराच्या खिडकीतून होई. चांगुणा सुरुवातीला मोजणीच्या वेळी बाजूला उभी राही. एका साहेबांनी ते बंद केले. बाहेरच्या कोणाचे लक्ष गेले तर एकटी उभी बाई नजरेत भरते, तिने बायकांतच बसावे. तेव्हापासून ती सर्वांत मागे, शेवटच्या ओळीत बसू लागली. कच्च्या कैद्यांना स्वतःचेच कपडे असतात, त्यामुळे तिचे लुगडे आणि त्यांची लुगडी यांत फरक दिसत नसे. खिडकीतून सहदेव मोजी आणि एक वजा करी.

"मले रोज वजा करता तुमी," ती कधी जेवताना म्हणे.

"वजा नाही केलं त मले घरी जेवाले कोन वाढीन?" सहदेव म्हणे. एवढाच त्यांचा विनोद होता आणि तो त्यांना बरीच वर्षे पुरला.

संजीवनी नावाची एक तरुण बाई एका पावसाळ्यानंतर आत आली. पिंपळगाव राजाची. नवरा सोडून गेलेला, पाच वर्षांची पोरगी आईजवळ. एका बंगल्यात ती पोळ्या करायला जाई, तिथले गंठण गेले आणि नाव तिच्यावर आले. चोरी तिने केली होती की नाही हे चांगुणाने कधी विचारले नाही. आत आलेल्या कोणालाच ती ते विचारत नसे. न्यायालयाने संजीवनीला जामीन दिला होता, पण जामीनदार उभा राहिला नाही, म्हणून ती आतच राहिली. आत राहूनही तिचा आपल्या सुटकेवरचा विश्वास कमी झाला नव्हता. प्रत्येक तारखेला ती केस विंचरून, घडीची साडी नेसून निघे, जणू न्यायालयाने तिला आवर्जून बोलावले आहे.

अशाच एका तारखेला नऊ बायकांपैकी दोघी न्यायालयात गेल्या, संजीवनी आणि सुनेच्या मृत्यूच्या खटल्यातली म्हातारी सुभद्राबाई. सहदेव त्या दिवशी गावात नव्हता. कारागृहातल्या रिकाम्या जागांची वार्षिक माहिती वरच्या कार्यालयाने समक्ष मागवली होती, ती घेऊन तो अमरावतीला गेला होता. माहिती पोचवायला माणूस गेला म्हणून माणूस कमी पडला, आणि शेजारच्या जिल्ह्यातून ज्ञानेश्वर नावाचा तरुण शिपाई आठ दिवसांसाठी उसना आणला गेला. तो दुपारी येऊन पोचला. फाटक, फोन, भेटीची खिडकी आणि संध्याकाळची मोजणी एवढे त्याच्याकडे आले. अंगणातल्या सोयीबद्दल त्याला कोणी काही सांगितले नाही. अशी सोय बाहेरच्या माणसाला सांगायची नसते.

न्यायालयात संजीवनीला रक्तस्राव सुरू झाला. कैद्यांची ने-आण करणाऱ्या पोलिसांच्या पार्टीतली एकुलती एक महिला शिपाई तिला सरकारी रुग्णालयात घेऊन गेली. तिथे तिला फोन आला, कोणाच्या तरी सभेच्या बंदोबस्ताला बायका कमी आहेत. तिने संजीवनीला बाकावर बसवले. "इथंच बस, जेलची बाई येईन," असे तिला सांगितले, वॉर्डातल्या परिचारिकेलाही सांगितले, आणि ती निघून गेली. जेलची बाई अंगणात कुलपात होती.

संध्याकाळी पोलिसांची गाडी तुरुंगाच्या फाटकावर आली. जमादाराने सगळ्यांच्या नावांची चिठ्ठी ज्ञानेश्वरच्या हाती दिली. "सगळे आले, पाह्य. एक दवाखान्यात हाय," असे म्हणून तो गाडीकडे वळला. तुरुंगाच्या आत पुरुषांच्या बाजूला आजाऱ्यांची एक खोली होती, तिलाही सगळे दवाखानाच म्हणत. ज्ञानेश्वरने दुपारीच ती पाहिली होती आणि तिथे एक माणूस तापाने झोपलेलाही होता. त्याला जमादाराचे म्हणणे पटले. त्याने चिठ्ठीवर सही केली.

अंगणात सुभद्राबाई परत आली. "संजीवनीले दवाखान्यात नेलं वं मावशी," तिने सांगितले. चांगुणाने पदराने कपाळ पुसले आणि बायकांना जोडीने बसवले. आठ बायका, चार जोड्या. त्यांच्यामागे ती स्वतः एकटी बसली. खिडकीत अनोळखी चेहरा आला.

"दवाखान्यातले धरले का?" तिने मागून विचारले.

"धरले धरले. तुले काय करायचं? बस खाली," ज्ञानेश्वर म्हणाला. त्याच्या दृष्टीने कैद्यांपैकी एक आगाऊ बाई मध्येच बोलली होती. त्याने चार जोड्या आणि एक असे मोजले. नऊ हव्या होत्या, नऊ भरल्या. थोड्या वेळाने फाटकावरून हाक आली, "टोटल मिळाली." चांगुणा समजली की रुग्णालयातली संजीवनी हिशेबात धरली गेली. स्वयंपाकघराकडचा जुना शिपाई गोविंदा सहदेवच्या जागी किल्ली घेऊन आला, त्याने तिला बाहेर काढले आणि ती घरी गेली. एका शब्दाचे दोन अर्थ होते आणि चारही माणसांनी आपापला अर्थ प्रामाणिकपणे घेतला होता.

दिवेलागणीला परिचारिकेने संजीवनीला गोळ्या दिल्या आणि विचारले, "तुझी माणसं कुठं आहेत?" संजीवनी म्हणाली, येतीलच. आणखी वाट पाहून ती उठली आणि चालत तुरुंगाच्या फाटकाशी आली. पुढचे तिने चांगुणाला नंतर सांगितले ते असे.

"म्या म्हटलं, भाऊ, दार उघडा, मी कैदी हाय. तो म्हणे, सारे कैदी आत हायेत, टोटल मिळाली. म्या म्हटलं, मंग मी कोन हाय? तो म्हणे, ते मले काय मालूम, जाय घरी. मंग गेली मी घरी."

शेवटची गाडी मिळाली आणि ती पिंपळगाव राजाला गेली. पळून जायचे असते तर पोलीस पहिल्यांदा जिथे शोधतील त्याच घरी ती गेली नसती, एवढे समजायला कायद्याचे शिक्षण लागत नाही. सकाळी चांगुणाने गोविंदाला विचारले, संजीवनीला कधी आणणार? तेव्हा सगळे उघडे पडले. दुपारच्या आत पोलीस तिच्या आईच्या दारात होते. ती ओट्यावर बसून पोरीच्या डोक्यातल्या उवा काढत होती.

तिच्यावर पलायनाचा गुन्हा दाखल झाला. साधा नव्हे. संध्याकाळच्या मोजणीत नऊ बायका हजर होत्या, म्हणजे संजीवनी मोजणीनंतर बंद तुरुंगातून पळाली. कशी पळाली हे कोणाला सांगता येईना, आणि सांगता येत नाही म्हणून ती अधिक धूर्त ठरली. ज्ञानेश्वरने संध्याकाळी फाटकावर कोणी बाई आली नव्हती असे लिहून दिले. त्याचे लग्न ठरले होते आणि नोकरीला दोनच वर्षे झाली होती. पोलिसांनी सगळे कैदी परत दिल्याची त्याची सही पुढे केली, आणि रुग्णालयाच्या नोंदवहीत संजीवनीचे नाव चढलेच नव्हते. नववी बाई कोण होती हे चांगुणाने सांगितले तरच संजीवनी त्या वेळी आत नव्हती हे सिद्ध होणार होते. चांगुणाने ते सांगितले की एवढी वर्षे एक बाहेरची बाई तुरुंगात कोणी सोडली, हा प्रश्न निघणार होता, आणि तिच्या दाराचे कुलूप रोज सहदेवने लावले होते.

सहदेव अमरावतीहून परतल्यावर तुरुंगाधिकारी महादेवरावांनी दोघा नवरा-बायकोला कार्यालयात बोलावले. त्यांच्याकडे दोन तुरुंगांचा कारभार होता, कारण दुसऱ्या तुरुंगातली त्यांच्या पदाची जागाही रिकामी होती. ते दुष्ट नव्हते, थकलेले होते.

"चांगुणाबाई, चौकशीला मॅडम येताहेत. त्यांना एवढंच सांगायचं, की मी क्वार्टरमध्ये होते."

"आन साहेब, अंगनात बायकांपाशी कोन होतं मंग?"

"कोणी नव्हतं. जागा रिक्त आहे. रिक्त जागेवर कोणी नसतं, आणि जो नसतो त्याची चूकही नसते. कोणाला शिक्षा होणार नाही."

"संजीवनीले होईन नं."

महादेवराव खिडकीबाहेर पाहू लागले. "तिचं कोर्ट पाहील," ते म्हणाले. "तायडे, समजावून सांगा घरी."

सहदेवने घरी समजावून सांगितले नाही. तो जेवला नाही, नुसता ताटापुढे बसून राहिला.

"सात महिने राह्यले मले रिटायर व्हाले," शेवटी तो म्हणाला.

"हाव. मी आत नव्हती म्हनू मंग?"

"कागदावर तू नव्हतीच नं."

"आन तुमी रोज कोनाले वजा करत होते?"

सहदेवने ताट सारले. त्याला राग आला होता, आणि तिचे म्हणणे चूक नाही हे कळत असल्यामुळे तो राग कुठे काढावा हे कळत नव्हते. "तुले त्या बाईचा एवढा कळवळा काऊन?" त्याने विचारले. "सुटून गेली असती त नाव तरी घेतलं असतं का तिनं तुयं?"

"तिच्यासाठी नाही सांगून राह्यली मी," चांगुणा म्हणाली. "मी नव्हती असं मी कसं म्हनू? त्या पोरीचं बाळ कोनाच्या हातात पडलं मंग?"

चौकशीला आलेल्या अधिकारी योगिनी यांनी तिला खुर्ची दिली आणि पाणी मागवले. त्या तरुण होत्या, नीट ऐकत होत्या आणि प्रत्येक वाक्य लिहून झाल्यावर वाचून दाखवत होत्या. चांगुणाने सगळे सांगितले. कुलूप, शेवटची ओळ, खिडकी, दवाखान्याचा घोळ.

"म्हणजे नववी व्यक्ती तुम्ही होता."

"हाव, मॅडम."

"तुम्ही आत कोणाच्या आदेशाने होता? लेखी आदेश आहे?"

"तोंडी होता. साहेब बदलत गेले, आदेश तोच राह्यला."

योगिनींनी लेखणी थांबवली. "ताई, तुमचं म्हणणं मला खरं वाटतं," त्या म्हणाल्या. "पण अहवालात मला काय वाटतं हे लिहिता येत नाही. काय सिद्ध होतं तेच लिहावं लागतं."

"त्या बायकांले विचारा. साऱ्याजनी सांगतीन."

"विचारलं. त्या कैदी आहेत. तुम्ही त्यांच्या बाजूच्या आहात असंच दिसेल."

"मी तुमच्या बाजूची होती नं, मॅडम. एवढे वर्ष."

योगिनींनी हे वाक्य लिहिले नाही.

अहवाल आला तो नियमाला धरून होता. महिला विभागात एका खासगी व्यक्तीचा अनधिकृत प्रवेश दीर्घकाळ होत असल्याचे तिच्याच कबुलीवरून सिद्ध झाले. सदर व्यक्ती कर्मचाऱ्याची पत्नी असून कैद्यांशी तिची जवळीक असल्याने मोजणीबाबतचे तिचे कथन स्वतंत्र पुराव्याअभावी ग्राह्य धरता येत नाही. मोजणीची नोंद विहित कर्मचाऱ्याने केलेली असून ती जुळते. म्हणजे चांगुणा तुरुंगात वर्षानुवर्षे होती, हे सरकारने पहिल्यांदा मान्य केले. फक्त त्या एका संध्याकाळी ती तिथे होती हे मान्य केले नाही. तिच्या हजेरीला सरकारी कागदावर जागा मिळाली ती अपराध म्हणून, आणि जिथे ती पुरावा ठरली असती तिथे ती पुन्हा वजा झाली.

सहदेव निलंबित झाला. महादेवरावांना ताकीद मिळाली आणि दोन्ही तुरुंगांचा कारभार त्यांच्याकडेच राहिला, कारण सोपवायला दुसरे कोणी नव्हते. महिला कर्मचारी उपलब्ध नसल्याने सगळ्या कैदी बायकांना दूरच्या मोठ्या कारागृहात हलवले. तिथे आधीच दाटी होती. मग पुढच्या वार्षिक माहितीत, या कारागृहात महिला बंदी नसल्याने महिला शिपायांच्या पदांची आवश्यकता उरलेली नाही, असे नमूद झाले. रिक्त जागांचा आकडा दोनने कमी झाला. प्रशासनाच्या भाषेत याला सुधारणा म्हणतात.

भिंतीलगतचे घर सोडून तायडे नवरा-बायको मोताळ्याला भाड्याच्या खोलीत आले. सहदेव सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसे आणि कुठेही जात नसे. आठवडी बाजारात कोणी विचारले तर सुटीवर आहे म्हणे. त्याने चांगुणाला एका शब्दाने दोष दिला नाही. तो दिला असता तर तिला निदान उत्तर देता आले असते. दोघांच्या मनात एकच आधार होता, न्यायालय. संजीवनीचे वकील वामनराव, गरिबांसाठी सरकारी मदतीतून नेमलेले, चांगुणाला बचावाची साक्षीदार म्हणून बोलावणार होते. चौकशीत जे ग्राह्य धरले नाही ते शपथेवर सांगितले की न्यायाधीश लिहून घेतीलच, एवढे तिला ठाऊक होते. नवऱ्याची नोकरी ज्या चार वाक्यांवर गेली, ती चार वाक्ये कोणीतरी नीट ऐकायची होती.

तारखा पडत गेल्या. दर तारखेला चांगुणा एसटीने जाई, न्यायालयाच्या व्हरांड्यात बसे, आणि दुपारी पुकारा होई की आरोपी हजर नाही. दूरच्या कारागृहातून आणायला महिला पोलिसांची पार्टी मिळाली नाही. कधी निवडणूक, कधी यात्रा, कधी नुसतेच मनुष्यबळ नाही. तुरुंगातूनच व्हिडिओच्या पडद्यावर हजेरी घ्यायचे ठरले तेव्हा तिथले यंत्र चालवायला माणूस नव्हता.

उन्हाळा लागता लागता एका तारखेला संजीवनी खरोखर आली. वाळली होती. केस विंचरलेले नव्हते. दोन महिला पोलिसांच्या मधून ती आत गेली, तेव्हा तिने चांगुणाकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली. चांगुणाने पदर सारखा केला आणि आपल्या नावाच्या पुकाऱ्याची वाट पाहू लागली. सांगायची वाक्ये तिने मनात ओळीने लावून ठेवली होती. पुकारा झाला नाही. थोड्याच वेळात वामनराव बाहेर आले, चष्मा पुसत.

"ताई, तुमची गरज पडली नाही," ते म्हणाले. "तिने कबूल केलं. दोन्ही खटल्यांत. आत गेले तेवढे दिवस शिक्षेत धरतात, दीड-दोन महिन्यांत सुटेल."

"पन ती पळाली नव्हती, वकीलसाहेब."

"मला माहीत आहे."

"मंग तुमी कसं कबूल करू देलं?"

"मी तिला दोन्ही वाटा सांगितल्या. तुमची साक्ष, मग सरकारची उलटतपासणी, मग युक्तिवाद. एकेका तारखेला तिला इथे आणायला तीन तीन महिने पार्टी मिळत नाही." वामनरावांनी चष्मा डोळ्यांवर ठेवला. "निर्दोष ठरायला तिला दोन वर्षं लागली असती. दोषी ठरायला पंधरा मिनिटं लागली."

महिला पोलिसांनी संजीवनीला व्हरांड्यातून नेताना क्षणभर थांबू दिले. त्यांतली एक चांगुणाला ओळखत होती. पाहणीच्या दिवसांत तिच्या जागी उभी राहायला तीच येत असे.

"काऊन वं?" चांगुणाने विचारले.

"मावशी, पोरगी मले ओळखत नाही म्हणे आता. माय सांगे फोनवर." संजीवनी खाली पाहत होती. "जज म्हणे, गुन्हा कबूल हाय का. म्या हो म्हणून टाकलं. हो म्हटलं की घरी जाता येते."

"आन मी आली होती ते?"

"मले मालूम हाय तू आली होती," संजीवनी म्हणाली. तिच्या बोलण्यात क्षमायाचना नव्हती आणि आभारही नव्हते. "तुयं काई काम पडू नये म्हणूनच हो म्हटलं, असं समज."

"चला," पोलीस बाई म्हणाली.

चांगुणा संध्याकाळच्या गाडीने मोताळ्याला परतली. सहदेव दाराशी खुर्ची टाकून बसला होता, सकाळचाच सदरा अंगात. त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि ती आत आल्यावर तिला पाण्याचा गडवा दिला.

"आणली होती का तिले?"

"आणली होती."

"झाली का मंग साक्ष?"

एवढ्या वर्षांत चांगुणा नवऱ्याशी खोटे बोलली नव्हती. तिने गडवा जागेवर ठेवला, पदराने तोंड पुसले आणि त्याच्यासमोर बसली.

"झाली," ती म्हणाली. "सारं ऐकलं त्याहीनं. म्या जसं सांगतलं तसंच्या तसं लिहून घेतलं."

सहदेवने मान हलवली. "चांगलं झालं," तो म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी त्याने स्वतःहून जेवायला मागितले.